अ‍ॅम्बेसेडर घाट चढते, पण सपाटीला मरगळते: व्हॅक्यूमच्या नळीचं दुखणं

जुन्या १४८९ सीसी पेट्रोल अ‍ॅम्बेसेडरचं हे दुखणं मी इतक्या वेळा काढलं आहे की मालक फोनवर लक्षणं सांगायला लागला की अंदाज येतो. माझ्या गाडीत दोनदा, कोल्हापुरातल्या ओळखीच्यांच्या गाड्यांत तर कितीदा तरी. दर वेळी ठिणगीचं सामान, म्हणजे प्लग, पॉइंट, कंडेन्सर, कधी कधी कॉइलसुद्धा, बदलून झालेलं असतं, आणि दोष निघतो व्हॅक्यूमच्या, म्हणजे इंजिनाची ओढ कार्बोरेटरपासून डिस्ट्रिब्यूटरपर्यंत (प्लगांना ठिणगी वाटून देणारा भाग) नेणाऱ्या बारीक नळीत. नळी का बिघडते, कशी ओळखायची आणि नवी कशाची घ्यायची, हे एकदा सविस्तर लिहून ठेवतो.

लक्षणं

गार इंजिनावर गाडी उत्तम. पंधरा-वीस किलोमीटर झाले, इंजिन पूर्ण तापलं, की सपाट रस्त्याला ५०-६० च्या वेगात एका लयीत चालवताना ती जड वाटते. हलके हेलकावे खाते, मधूनच बारीक हिसका देते. पाय पूर्ण दाबला तर उलट बरी पळते. आयडलिंगला, म्हणजे पाय सोडून इंजिन नुसतं चालू असताना, तक्रार नाही. लिटरला दहाच्या आसपास जाणारी गाडी आठ-साडेआठवर येते, उन्हाळ्यात टेंपरेचरचा काटा नेहमीपेक्षा थोडा वर राहतो. आणि सगळ्यात छळणारी गोष्ट म्हणजे गाडी बाजूला घेऊन बॉनेट उघडलं की काहीही सापडत नाही.

दुसऱ्या प्रकारात आयडलिंगच बिघडतं. इंजिन थरथरतं, वर-खाली होतं, कुठूनतरी ‘स्स्स’ असा बारीक आवाज येतो, सिग्नलला पाय सोडला की बंद पडतं. सर्व्हो ब्रेक (इंजिनाच्या ओढीची मदत घेणारा ब्रेक) असलेल्या गाडीत पेडल कडक लागतं. ही लक्षणं मॅनिफोल्डला (कार्बोरेटरमधलं मिश्रण सिलिंडरांकडे नेणारा भाग) जोडलेल्या नळीची किंवा त्याच्या सांध्यातल्या गॅस्केटची. त्यांच्याकडे पुढे येतो, कारण ब्रेकचा भाग वेगळ्या गंभीरपणे घ्यायला हवा.

नळी करते काय

एसयू कार्बोरेटरवर डिस्ट्रिब्यूटरसाठी एक बारीक भोक असतं, थ्रॉटलच्या बटरफ्लायच्या, म्हणजे पाय दिल्यावर उघडणाऱ्या झडपेच्या, अगदी कडेला. पाय सोडलेला असताना इंजिनाची ओढ त्या भोकापर्यंत पोचत नाही. थोडा पाय दिला की भोक व्हॅक्यूममध्ये येतं, नळीतून डिस्ट्रिब्यूटरच्या डबीतला डायफ्रॅम (लवचिक पडदा) ओढला जातो, पॉइंटची प्लेट थोडी फिरते आणि ठिणगी लवकर पडते; यालाच अ‍ॅडव्हान्स म्हणतात. हलक्या लोडवर सिलिंडरमध्ये मिश्रण कमी भरतं आणि सावकाश जळतं, म्हणून तिथे ठिणगी आधी लागते. पाय पूर्ण दाबला की व्हॅक्यूम जवळजवळ संपतो आणि हा अ‍ॅडव्हान्स आपोआप मागे जातो.

एवढं लक्षात घेतलं तर ‘आयडलिंग ठीक आहे म्हणजे नळी ठीक आहे’ हा समज का चुकतो ते कळतं. आयडलिंगला ही नळी कामावरच नसते.

मला हे करूळ घाटात कळलं. एप्रिल महिना, वैभववाडीहून गगनबावड्याकडे येत होतो. पूर्ण चढ गाडीने कुरकूर न करता काढला. वर आलो, रस्ता सैल झाला, साळवण मागे पडलं आणि गाडी ओढेना. थांबलो, बॉनेट उघडलं, सगळं जागच्या जागी. शेवटी सोबतच्या मित्राला सीटवर बसवलं, इंजिन मध्यम रेझवर धरायला सांगितलं आणि मी वाकून बघत राहिलो. आधीच्या कोणीतरी मूळ धातूची नळी काढून पारदर्शक प्लॅस्टिकची नळी टाकली होती. एक्झॉस्टच्या जवळून जाणारा तिचा चार बोटांचा भाग सावकाश चपटा होत गेला. दोन्ही भिंती एकमेकींना चिकटल्या, ओल्या कागदाच्या सुरळीसारख्या. इंजिन बंद केलं आणि पाच-सात सेकंदांत नळी पुन्हा गोल. मी दर वेळी गाडी थांबवून, इंजिन बंद करून बघत होतो, म्हणून मला ती दर वेळी धडधाकट दिसत होती.

घाटात त्रास का झाला नाही? चढाला पाय दाबलेला असतो, व्हॅक्यूम कमी असतो, त्यामुळे नळी तापून मऊ झाली तरी तिला आतून ओढणारं काही नसतं. वर आल्यावर पाय हलका होतो, व्हॅक्यूम वाढतो आणि तापलेली नळी मिटते. चढ काढून आल्यावर मरगळणारी गाडी आली की मी सगळ्यात आधी नळी बघतो ती यासाठी.

फुकटात होणारी तपासणी

इंजिन बंद आणि गार असताना करा. या इंजिनात कार्बोरेटर एका अंगाला आणि डिस्ट्रिब्यूटर दुसऱ्या अंगाला, त्यामुळे नळीला इंजिन ओलांडून जावं लागतं. मूळ रचनेत मधली नळी बारीक धातूची आणि दोन्ही टोकांना रबराचे छोटे जोड असतात. ते जोड बोटांत धरून वाकवा. भेगा सरळ स्थितीत मिटलेल्या असतात, वाकवल्यावरच उघडतात. रबर नखाने दाबून बघा: ठसा उठून लगेच भरला तर ठीक, नख टेकल्यावर लाकडासारखं लागलं तर त्याचं आयुष्य संपलं. चिकट, फुगलेलं रबर म्हणजे त्याने पेट्रोल पिलं आहे.

मग धातूची नळी बोटाने चाचपत जा. ती जिथे पट्टीने बांधलेली असते तिथली पट्टी गायब असेल तर नळी कंपनाने घासत राहते आणि खालच्या अंगाला भोक पडतं, वरून दिसत नाही. निम्म्या गाड्यांचं दुखणं इथेच सापडतं, एक रुपयाही खर्च न होता. टोकाला भेग असेल आणि लांबी शिल्लक असेल तर तेवढा सेंटीमीटरभर तुकडा कापून जोड पुन्हा बसवा, घरी पोचायला पुरेल.

सिरिंजची तपासणी

मेडिकलच्या दुकानातून ५० मिलीची सिरिंज आणा. कार्बोरेटरकडचं टोक सोडवा, पुसून घ्या, छोट्या रबरी तुकड्याने सिरिंज त्याला जोडा आणि दट्ट्या मागे ओढून धरा. ओढ जाणवली पाहिजे, आणि अर्ध्या मिनिटाने दट्ट्या सोडल्यावर तो झटकन पुढे गेला पाहिजे. सावकाश सैल पडला तर कुठेतरी गळती आहे. आता नळी बाजूला करून सिरिंज थेट डिस्ट्रिब्यूटरच्या डबीला लावा. इथे ओढ टिकली तर डबी चांगली, दोष नळीत. इथेही टिकली नाही तर डायफ्रॅम फाटला आहे, आणि जगातली कुठलीही नळी घातलीत तरी फरक पडणार नाही. नळी विकत घेण्याआधी ही तपासणी करायला सांगतो ती म्हणून.

डिस्ट्रिब्यूटरची कॅप काढून हेच केलंत तर पॉइंटची प्लेट फिरताना दिसते. प्लेट अडखळत फिरली तर आत धूळ आणि वाळलेलं ग्रीस साचलं आहे. ल्युकासच्या डबीवर बहुधा तीन आकडे कोरलेले असतात: किती इंच पाऱ्याच्या व्हॅक्यूमला अ‍ॅडव्हान्स सुरू होतो, किती इंचांना पूर्ण होतो आणि डिस्ट्रिब्यूटरचे किती अंश मिळतात. क्रँकवर त्याच्या दुप्पट धरा. डबी बदलायची वेळ आली तर हे आकडे जुळवूनच घ्या.

गरम इंजिनावर

सिरिंजची परीक्षा गार नळी पास होते, गरम नळी होत नाही. म्हणून गाडी वीसेक किलोमीटर फिरवून आणा. हँडब्रेक, न्यूट्रल, सीटवर दुसरा माणूस. बाह्या दुमडा, उपरणं-ओढणी दूर ठेवा, पंखा आणि पट्टा जवळच असतात. मध्यम रेझ धरायला सांगा आणि एक मिनिट नळीकडे नुसतं बघा. मिटत असेल तर दिसेलच. अपारदर्शक नळी असेल तर चिमटीत हलकी धरून बघा, गरम असते, हातमोजा घाला.

टायमिंग लाइट (ठिणगीची वेळ दाखवणारा दिवा) असेल तर याच स्थितीत पुलीवरची खूण बघा. नळी काढली की खूण मागे सरकली पाहिजे, लावली की पुढे. सरकतच नसेल तर अ‍ॅडव्हान्स पोचत नाही.

आयडलिंग बिघडलेल्या गाडीला व्हॅक्यूम गेज लावायचा असतो, आणि तो मॅनिफोल्डच्या जोडणीला. पुस्तकात १७ ते २१ इंच पारा लिहिलेलं असतं ते समुद्रसपाटीचं. दर हजार फुटांना सुमारे एक इंच कमी होतो. मुंबईत १८ दाखवणारं निरोगी इंजिन कोल्हापुरात १६ च्या आसपास दाखवेल, त्यावरून टायमिंग हलवू नका. काटा स्थिर पण खाली असेल तर गळती किंवा मागे पडलेलं टायमिंग. ठरावीक लयीत झटके देत असेल तर व्हॉल्व्हकडे बोट जातं. गळती शोधायला मॅनिफोल्डच्या सांध्यांवर साधं पाणी फवारा, डिस्ट्रिब्यूटर आणि वायरी टाळून. पाणी सांध्यात ओढलं गेलं की क्षणभर आवाज बदलतो. काही जण यासाठी पेट्रोल किंवा कार्बोरेटर क्लीनर मारतात. त्याच बाजूला खाली तापलेला एक्झॉस्ट असतो. कृपा करून करू नका.

नळी कशाची घ्यायची

माझं मत आधीच सांगतो: मूळ धातूची नळी शाबूत असेल तर ती काढू नका. ती मिटत नाही, पेट्रोल पीत नाही, उन्हाने सडत नाही. फक्त टोकांचे दोन जोड दर दोन-तीन वर्षांनी बदला. धातूची नळी हरवली असेल तर तांब्याची किंवा स्टीलची तेवढ्याच व्यासाची नळी कोल्हापूरच्या उद्यमनगरात कोणीही वळवून देतो. सलग रबरी नळी टाकायची वेळ आलीच तर पुढचं सगळं वाचा.

या नळीवर तीन संकटं एकाच वेळी येतात. एक, उष्णता: उन्हाळ्यात एक्झॉस्टजवळ बॉनेटखालचं तापमान उकळत्या पाण्याच्या जवळपास जातं. दोन, पेट्रोलची वाफ: भोक कार्बोरेटरमध्येच असल्यामुळे नळीत वाफ आणि कधी थेंबही येतात. तीन, आतली ओढ. दुकानात मिळणारी बहुतेक नळी यातल्या दोन संकटांना पुरते आणि तिसऱ्यात पडते.

पारदर्शक पीव्हीसी, म्हणजे गवंड्यांची लेव्हलची नळी किंवा सलाइनची नळी, सगळ्यात जास्त गाड्यांत सापडते आणि सगळ्यात वाईट ठरते. साठ-सत्तर अंशांना ती मऊ पडते आणि मिटते. पेट्रोल तिच्यातला मऊपणा काढून नेतं, मग तीच नळी काही महिन्यांत पिवळी आणि काचेसारखी ठिसूळ होते. कारखान्यांतली निळी न्यूमॅटिक पॉलियुरेथेन नळी हवेच्या दाबाला उत्तम, पण इंजिनाच्या उष्णतेत तीही मऊ पडते.

सिलिकॉनबद्दल सगळ्यात जास्त वाद होतो. लाल-निळी, चकचकीत, २०० अंश सहन करणारी, ओझोनने न तडकणारी. हे सगळं खरं आहे. पण पेट्रोलमध्ये सिलिकॉन भरपूर फुगतं आणि पातळ भिंतीची सिलिकॉन नळी व्हॅक्यूमला सहज मिटते. मॅनिफोल्डच्या कोरड्या हवेच्या जोडणीला जाड भिंतीची चालेल, कार्बोरेटरच्या या भोकाला मी लावत नाही.

ईपीडीएम म्हणजे रेडिएटर-हीटरच्या नळीचं रबर. उष्णतेला आणि हवेला दणकट, पण पेट्रोल आणि ऑइलसमोर शरण जातं. काळी, जाड, मजबूत दिसते म्हणून लोक फसतात.

नायट्राइल हे रोजच्या वापराचं उत्तर. पेट्रोल-ऑइल पेलतं, साधारण १०० अंशांपर्यंत टिकतं. त्याचा दुबळेपणा ओझोनचा, बाहेरून बारीक तडे जातात. म्हणून आत नायट्राइल आणि बाहेर निओप्रीनचं आवरण असलेली इंधनाची नळी घ्यावी. सुताची वेणी चढवलेली नळी जुन्या गाडीला शोभते, पण वेणीखालचे तडे दिसत नाहीत, तेव्हा ती घातलीत तर बसवल्याची तारीख लिहून ठेवा.

फ्लोरोरबर, ज्याला बाजारात व्हायटॉन म्हणतात, तिन्ही संकटांना पुरून उरतं. महाग आहे, पण आपल्याला लागतात फक्त दोन छोटे जोड. २०२५ पासून बहुतेक पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. आमच्याच जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांत ते इथेनॉल तयार होतं, उसाला त्याचा आधार आहे, हे मला मान्य आहे. पण साठ-सत्तरच्या दशकात ठरवलेल्या रबराचा त्याच्याशी कधी संबंध आला नव्हता, आणि जुने जोड आता लवकर फुगताना मी बघतो आहे. म्हणून हल्ली मी जोड फ्लोरोरबराचेच बसवतो. इंधनाच्या मोठ्या नळीवर ‘एसएई जे-३० आर-९’ अशी छपाई असेल तर तिचं आतलं अस्तर याच रबराचं असतं.

मधल्या लांब भागासाठी नायलॉनची कडक नळी हाही चांगला पर्याय आहे. ती मिटत नाही, पेट्रोल सोसते. टोकांना रबरी जोड हवेतच आणि एक्झॉस्टपासून चार बोटं लांब ठेवा.

दुकानदार ‘ही पेट्रोलचीच आहे’ म्हणाला तर घरी खात्री करता येते. दोन सेंटीमीटरचा तुकडा व्हर्नियरने मोजा, झाकणाच्या काचेच्या बाटलीत पेट्रोलमध्ये घराबाहेर, मुलांपासून आणि आगीपासून दूर, दोन दिवस ठेवा आणि पुन्हा मोजा. नायट्राइल थोडं फुगतं, ईपीडीएम आणि सिलिकॉन नजरेला कळण्याइतकं. दुसरा तुकडा उकळत्या पाण्यात पाच मिनिटं ठेवा, बाहेर काढताच एक टोक बोटाने बंद करून दुसऱ्याला सिरिंज लावा आणि ओढा. मिटला तर ती नळी घेऊ नका. या दोन परीक्षांनी छापील दाव्यांपेक्षा मला जास्त वेळा वाचवलं आहे.

बसवताना

रबरी जोडाचा आतला व्यास तो ज्या तोंडावर बसतो त्यापेक्षा किंचित कमी हवा, ३.२ मिलिमीटरच्या तोंडाला ३ चा. सैल बसली म्हणून आवळपट्टी लावू नका, लहान व्यासाला ती रबर कापते. एमसील किंवा गॅस्केटचा सोल्यूशनही नको, त्याचा कण आत गेला तर भोक बुजतं. भिंत निदान दोन मिलिमीटर जाड घ्या. वळण मोठं ठेवा आणि मधे झोळ पडू देऊ नका, झोळात पेट्रोल साचतं आणि तिथूनच रबर फुगायला लागतं.

नळी दुरुस्त झाल्यावर अ‍ॅडव्हान्स पुन्हा मिळायला लागतो. मधल्या काळात कोणी टायमिंग पुढे सरकवून गाडी चालती ठेवली असेल तर आता चढाला ठोके ऐकू येतील. टायमिंग मूळ जागी आणा, नळी काढून आणि कार्बोरेटरवरचं तिचं भोक बंद करून.

इथे थांबा आणि कारागिराला बोलवा

ब्रेकच्या सर्व्होची नळी घरच्या प्रयोगाची जागा नाही. तपासणी मात्र घरी करता येते: इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबा, मग दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. पेडल थोडं खाली गेलं तर सर्व्हो काम करतो. गेलं नाही, किंवा पेडलजवळ ‘स्स्स’ ऐकू आलं, तर गाडी चालवत नेऊ नका, कारागिराला घरी बोलवा. तिथे ब्रेक व्हॅक्यूमसाठीचीच नळी लागते, ‘एसएई जे-१४०३’ सारखी छपाई असलेली, आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्हची (हवा एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) दिशा बरोबर हवी. इंधनाची किंवा पाण्याची नळी ‘बसते’ म्हणून तिथे लावलेली मी पाहिली आहे. ती घाट उतरताना मिटली तर पेडल दगडासारखं होतं.

थ्रॉटलच्या दांड्याला हाताने हलवल्यावर खेळ जाणवला तर बुश झिजलं आहे, कार्बोरेटर खोलून लेथवर न्यावा लागतो. मॅनिफोल्डच्या सांध्यावर पाणी ओढलं जात असेल तर नट नुसते आवळत बसू नका. जुने स्टड तुटतात, मग हेड उतरवण्यापर्यंत काम जातं. गॅस्केट आणि पृष्ठभाग तपासणं जाणत्या मेस्त्रीचं काम. गेजचा काटा लयीत झटके देत असेल तर व्हॉल्व्हचा विषय, त्याला नळीचं औषध नाही. आणि वरच्या सगळ्या तपासण्या पास होऊनही गाडी मरगळलेलीच असेल तर इंधनाच्या पंपाकडे आणि टाकीतल्या गाळाकडे वळा.

मेस्त्रीकडे जाताना काढलेली जुनी नळी आणि जोड पिशवीत घालून सोबत न्या. कुठे चपटी झाली, कुठे फुगली, कुठल्या टोकाला तडकली, हे बघूनच तो अर्धं निदान करतो.